झाकणाआडचा पीळ

गोंदियातल्या एका स्लॅबच्या घरात बैठकीच्या पंख्यामागे लोखंडी डबा आहे. पंख्याची वाटी खाली सरकवली की तो दिसतो. त्यात पाच काळ्या वायरी एकत्र येतात आणि एका जाडसर, टेप गुंडाळलेल्या टोकात संपतात. पाच न्यूट्रलांचा हा जोड. घर बांधलं तेव्हा कुण्या वायरमनने मारला, त्याचं नाव घरमालकालाही आठवत नाही. डबा उघडायची गरज पंखा बदलताना पडली, आणि उघडल्यावर दिसलं ते एवढं चोख होतं की त्यावर लिहावंसं वाटलं. रसभंग झाला तर घराला आग लागेल अशा कलाकृती फारशा नसतात. ही तशी आहे, म्हणून ती जरा सावकाश वाचली पाहिजे.

आधी रचना. पाचांपैकी एक वायर खालून, दाराजवळच्या बोर्डाकडून आलेली. दोन समोरासमोरच्या भिंतींवरच्या ट्यूबांकडे जातात. चौथी खुद्द पंख्याची. पाचवी स्लॅबमधल्या नळीतून पलीकडच्या खोलीच्या बोर्डाकडे निघते. म्हणजे एक आणणारी आणि चार नेणाऱ्या. शेजारीच फेजच्या तांबड्या वायरी आहेत, पण त्यांचा असा मेळावा भरलेला नाही. त्या बोर्डावरच्या एकेका स्विचमधून सुटून आपापल्या दिव्याला जाऊन भिडतात. फेज आणि न्यूट्रल एकाच नळीतून प्रवास करतात, पण दोघांचं वागणं वेगळं. फेजची वाटणी खाली स्विचपाशी होते, न्यूट्रलची वर दिव्यापाशी. घरातल्या दिव्यांच्या वायरिंगचं व्याकरण मुख्यतः एवढंच. आपले वायरमन त्याला ‘लूप मारणं’ म्हणतात.

स्विचने फेजच तोडायचा, ही या व्याकरणातली पहिली अट. न्यूट्रल तोडला तरी दिवा विझतोच. पण होल्डरच्या आत फेज जागा राहतो. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्या माणसाला विझलेला दिवा सुरक्षित वाटतो आणि झटका तिथेच बसतो. या घराच्या बोर्डावर फेज एका स्विचवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेला आहे. त्यातली एक बारीक गोष्ट नजरेत भरते. वायरमनने प्रत्येक स्विचपाशी वायर तोडलेली नाही. लागेल तेवढ्याच भागावरचं आवरण काढलंय, उघडं तांबं दुमडलंय आणि दुमड स्क्रूखाली घेतली आहे. तांबं पहिल्या स्विचपासून शेवटच्यापर्यंत अखंड आहे. मधला स्क्रू उद्या ढिला पडला तरी पुढचे स्विच उपाशी राहणार नाहीत. तुकडे जोडत गेला असता तर काम लवकर उरकलं असतं. बाहेरून फरक कुणाला कळलाही नसता.

जोड कुठे घ्यायचा याचे नियम आहेत, आणि ते जोड कसा घ्यायचा याच्या नियमांहून कडक आहेत. सरकारी बांधकामांच्या विद्युत तपशिलांत जोड वितरणपेटीत, स्विचच्या डब्यात, सॉकेटपाशी किंवा दिव्या-पंख्याच्या पॉइंटपाशीच घ्यायचा असतो. नळीच्या पोटात कधीच नाही. दोन पॉइंटांमधली वायर सलग हवी. दिव्यांच्या एका उपसर्किटवर दहाहून जास्त पॉइंट किंवा 800 वॅटहून जास्त भार घेऊ नये, हाही जुना दंडक आहे. या साऱ्यामागचा विचार एकच. जोड ही वायरीतली सर्वांत कच्ची जागा आहे, तेव्हा ती माणसाच्या हाताला लागेल अशीच असावी. आमच्या वायरमनने मधल्या कुठल्याही बेंडमध्ये जोड घेतलेला नाही. पाचही न्यूट्रल पंख्याच्या डब्यापर्यंत सलग आणले आणि तिथेच एकत्र केले. पंखा आज ना उद्या कुणीतरी उतरवणारच. म्हणजे हा जोड कधीतरी कुणीतरी बघणारच, असा त्याचा हिशेब असावा.

आता टेप उकलून आत जाऊ. अर्थात मुख्य स्विच खाली पाडून. टेस्टर आधी दुसऱ्या घरच्या चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो याची खात्री करून घ्यायची, मग या डब्यात तो पेटत नाही हे पाहायचं. परवानाधारक वायरमनचं हे काम. आपण शेजारी उभं राहून वाचायचं.

पहिलं दिसतं ते सोललेल्या वायरीचं टोक. पाचही वायरींचं आवरण एकाच रेषेत संपतं, कुणाचं मागे नाही, कुणाचं पुढे नाही. तांब्यावर ओरखडा नाही. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नसते. घाईत ब्लेड वायरीभोवती काटकोनात फिरवलं की ते तांब्यात किंचित रुततं. ती खाच तेव्हा दिसत नाही. पीळ देताना तार तिथेच वाकते आणि कालांतराने तिथेच तुटते. एकतारी वायर असेल तर तुटल्यावर जोडच जातो. बहुतारी असेल तर वेगळी फसगत. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण 0.3 मिलिमीटर जाडीच्या 22 बारीक तारा असतात. त्यातल्या सहा-सात सोलतानाच उडाल्या तर नावाला दीडची राहिलेली वायर त्या टोकापाशी एकची होते. जाणता हात ब्लेड तिरपं धरतो, आवरणाची साल काढतो आणि तांब्याला धार लागू देत नाही.

दुसरं म्हणजे पीळ. या जोडाचा जीव इथे आहे. पाच वायरी समांतर धरल्या आहेत आणि पक्कडीने सगळ्यांना एकत्र पीळ दिला आहे, त्यामुळे प्रत्येक तार प्रत्येकीभोवती फिरते. नवशिक्याच्या हातून नेमकं उलटं होतं. तो एक तार सरळ उभी ठेवतो आणि बाकीच्या तिच्याभोवती गुंडाळतो. वरून ते देखणं दिसतं, पण मधली तार मोकळी असते. ती ओढून पाहा, अलगद निसटते. या डब्यातल्या पाचांपैकी कुठलीही एक ओढली तरी सगळा जोड हलतो, ती एकटी सुटत नाही. गोंदियाच्या झाडीपट्टीत धानाची पेंडी बांधताना तणसाच्या बंधाला गाठ मारत नाहीत, पिळून खोचतात. पकड गाठीत नसून पिळात असते, हे इथल्या हातांना शेतावरच ठाऊक झालेलं असतं. पिळाचं टोकही वायरमनने सपाट कापलंय. अणकुचीदार टोक राहिलं असतं तर उन्हाळ्यात मऊ झालेल्या टेपमधून ते बाहेर आलं असतं.

एवढं घट्ट कशासाठी? तांब्याला तांबं लागलं की वीज वाहते, हे खरं. पण दोन धातू वरवर टेकलेले दिसले तरी खरा स्पर्श थोड्याच सूक्ष्म ठिपक्यांवर होतो. विजेच्या संपर्कांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या राग्नार होल्म यांनी हेच मोजून दाखवलं. दाब वाढला की ठिपके वाढतात, ठिपके वाढले की विरोध घटतो. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या एका मीटरचा विरोध साधारण 0.013 ओहम असतो. ढिल्या, काळवंडलेल्या जोडाचा विरोध 0.5 ओहमवर गेला असं धरा. म्हणजे जवळजवळ चाळीस मीटर वायरीचा विरोध एका इंचात कोंबला गेला. त्यातून निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याने या जोडाला काहीच होत नाही. वर्षानुवर्षं तो सुखरूप वाटतो. मग डिसेंबरात गोंदियाला थंडी पडते आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी छोट्या सॉकेटला पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड लावतो. प्रवाह साडेसहा अँपिअर. त्या एका इंचात आता एकवीस वॅट उष्णता, टेपने गुंडाळलेली, डब्यात बंद.

खरी मेख पुढे आहे. या सर्किटवरच्या, जादा प्रवाह तोडणाऱ्या सहा अँपिअरच्या एमसीबीने 1.13 पट प्रवाह तासभर तरी न पडता वाहून नेला पाहिजे, असं त्याचं मानकच सांगतं. म्हणजे पावणेसातपर्यंत तो गप्प बसणार. शिवाय ढिला जोड प्रवाह वाढवत नाही, उलट किंचित घटवतो. गळती पकडणारा आरसीसीबीही इथे आंधळा, कारण वीज जमिनीत गळत नाही, जायचं तिथूनच जाते आणि परतते. घरातलं एकही साधन या चुकीला पकडत नाही. पेटीत कितीही महागडी उपकरणं बसवा, ढिल्या पिळावर पहारा फक्त पीळ देणाऱ्या हाताचा. जिल्ह्यातल्याच तिरोड्याच्या 3300 मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात तापमान मोजायला शेकडो डोळे असतात. तिथून निघालेली वीज शेवटी ज्या इंचभर तांब्यातून घरातून परतते, तिथे एकही नसतो.

फेजचा जोड गेला तर दिवा जातो आणि वायर खरंच मेलेली असते. न्यूट्रलचा जोड गेला तरी दिवा जातोच, पण वायर जिवंत होते. चालू ठेवलेल्या दिव्यातून, पंख्यातून फेज पलीकडे उतरतो आणि परतीची वाट तुटलेली असल्याने तिथेच थांबतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. जुन्या वायरमनांना हे लक्षण तोंडपाठ असतं. ‘भाऊ, न्यूट्रल गेला’ असं ते डबा न उघडताच सांगतात. घरातल्या माणसाला मात्र काळी वायर निरुपद्रवी वाटते. म्हणूनच फेजपेक्षा न्यूट्रलच्या जोडाला जास्त मान द्यायला हवा. आमच्या डब्यात तो मान दिसतो.

हे पाच न्यूट्रल एकाच सर्किटचे आहेत, हा या जोडाचा सर्वांत खोल गुण. तो डोळ्यांना दिसत नाही, पेटीतला एमसीबी पाडून प्रत्येक टोक तपासलं तरच कळतो. पुष्कळ घरांत असं नसतं. जिन्याच्या दिव्याला खालून-वरून दोन स्विच लावताना वरच्या मजल्यावरचा जवळ दिसलेला न्यूट्रल उसना घेतला जातो. दिवा पेटतो, मिस्त्री खूश, मालक खूश. पुढे कुणीतरी खालच्या मजल्याचा एमसीबी पाडून निर्धास्त जोड उघडतो आणि वरच्या मजल्याचा परतीचा प्रवाह त्याच्या बोटांत उतरतो. हल्ली आरसीसीबी बसवल्यावर अशा घरांत तो विनाकारण पडत राहतो. जाणारा आणि येणारा प्रवाह समान आहे का, एवढंच तो पाहतो. उसनवारीमुळे हिशेब जुळत नाही. मग लोक आरसीसीबीला दोष देतात आणि काढून टाकतात. पहारेकरी खरं बोलला म्हणून त्याला घालवल्यासारखंच हे.

आता टेप. ती पिळाच्या टोकापासून सुरू होत नाही, वायरीच्या आवरणावरून सुरू होते, पिळावरून पुढे जाते आणि परत आवरणावर येते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला. टेप ताणून गुंडाळली आहे, पण शेवटचा वेढा मुद्दाम न ताणता ठेवलाय. ताणलेलं टोक आकसतं आणि महिन्याभरात उकलून शेपटीसारखं लोंबतं, हे त्याला माहीत असणार. टेप जोडाला धरून ठेवत नाही. तिचं काम फक्त झाकायचं. टेप काढल्यावर जोड सैल होत असेल तर तो जोडच नव्हता.

शेवटी घडी. वायरी डब्यात कोंबलेल्या नाहीत. प्रत्येकीला वीतभर सैल जागा ठेवून, वळवून, एका बाजूला बसवलंय. पुढच्या माणसाला जोड डब्याबाहेर ओढून, डोळ्यांसमोर धरून काम करता यावं म्हणून. वायर आखूड ठेवली असती तर थोडं तांबं वाचलं असतं. पण मग पुढच्याला स्टुलावर मान वर करून, डब्यात बोटं घालून चाचपडावं लागलं असतं. ही सैल वीत मला सगळ्या कामातली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

या पिळाला घराणं आहे. गोंदियाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या पोरांना सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत जोडच मारायला लावतात. रॅट टेल, टी, मॅरिड, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. यातला शेवटचा अमेरिकेतल्या तारयंत्राच्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो. खांबांवरून मैलोन्‌मैल ताणलेल्या तारांसाठी तो घडला. दोन्ही बाजूंनी ओढ बसली की तो आणखी घट्ट होतो. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, तारेचा जोड मात्र कार्यशाळेच्या फळ्यावर टिकून आहे. ब्रिटानियात जाड तारा शेजारी ठेवून बारीक तारेने बांधतात आणि डाख देतात. घरातल्या दिव्यांना यातलं काही नको असतं, कारण डब्यात ओढ नसते. तिथे रॅट टेलच योग्य. आपल्या पंख्याच्या डब्यातला पीळ त्याच घराण्याचा. कुठला जोड कुठे शोभतो हे कळणं निम्मी विद्या.

डाखही एकेकाळी सर्रास देत असत. आज घरातल्या वायरिंगमध्ये तो फारसा दिसत नाही, आणि एका ठिकाणी तर तो घातकच ठरतो. बहुतारी वायरीच्या टोकाला डाख लावून ते स्क्रूखाली घट्ट केलं तर डाखाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकतो आणि वर्षा-दोन वर्षांत स्क्रू आपोआप ढिला पडतो. त्यापेक्षा टोकाला फेरूल, म्हणजे तांब्याची छोटी नळी, चढवून चिमटा मारलेली बरी. पीळ आणि डाख या दोन्हींतून सुटका करायचा ध्यास शंभर वर्षांपूर्वी कॅनडात एका स्कॉटिश कंत्राटदाराने घेतला. घरांतले गॅसचे दिवे काढून विजेचे दिवे बसवताना विल्यम मार यांनी 1914 मध्ये वायरींच्या टोकांवर टोपीसारखा बसून त्यांना दाबून धरणारा जोडक बनवला. उत्तर अमेरिकेत तीच पद्धत रूढ झाली. आपल्याकडे ती टोपी आली नाही; आपल्याकडे आला चिनी मातीचा कनेक्टर, आत पितळी नळी आणि दोन स्क्रू. आमच्या डब्यात फेजची दोन-दोन टोकं अशाच पांढऱ्या कनेक्टरमध्ये आहेत. दोन वायरींना तो चांगला. त्याच्या एका बाजूला तीन-चार वायरी कोंबल्या तर स्क्रू वरच्या दोघींना चिरडतो आणि खालच्या नुसत्या टेकून राहतात.

आणि आता तरफेचे जोडक आलेत. 1951 मध्ये जर्मनीतल्या मिंडेनला सुरू झालेल्या वागो कंपनीने स्क्रूऐवजी स्प्रिंगची पकड रुजवली. त्यांच्या 221 मालिकेत दोन, तीन किंवा पाच वायरींचे खण असतात. नेहमीच्या आकारात 4 चौरस मिलिमीटरपर्यंतची वायर, 32 अँपिअर, 450 व्होल्ट. आवरण नेमकं 11 मिलिमीटर सोलायचं, नारिंगी तरफ उचलायची, वायर घालायची, तरफ खाली. कवच पारदर्शक असतं, त्यामुळे तांबं खणाच्या तळापर्यंत गेलंय की नाही हे दिसतं. प्रत्येक वायरीला स्वतंत्र स्प्रिंग. एक काढली तरी बाकीच्या हलत नाहीत. बाजारात याच्या नकला स्वस्तात मिळतात. अंगावर अँपिअर आणि व्होल्टचा आकडा आणि मानकाची खूण नसलेला जोडक घेऊ नये.

हे सगळं वाचताना गोंदिया विसरून चालणार नाही. इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. घरगुती वायरीचं पीव्हीसी आवरण तांबं 70 अंशांपर्यंत तापेल असं धरून बनवलेलं असतं. मे महिन्यात स्लॅबखालचा डबाच दुपारी पन्नाशीच्या आसपास असेल, तर जोडाला तापायला उरलेली सवलत फारच थोडी. कूलर रात्रंदिवस चालतात तेही याच दिवसांत. पावसाळा लागला की दमट हवा डब्यात शिरते आणि सैल पिळातलं तांबं काळं-हिरवं पडू लागतं. राइस मिलच्या आसपासच्या घरांत कोंड्याची बारीक भुकटी माळ्यावर, डब्यांत, बोर्डांत बसते. उघडा जोड ठिणगी टाकू लागला तर तिला पेट घ्यायला वेळ लागत नाही. घरात धानाची पोती असली की उंदीर आलेच, आणि त्यांना वायरीच्या आवरणाचं वावडं नाही. त्यामुळे इथे झाकण नसलेला डबा म्हणजे अर्धवट सोडलेलं काम.

जुन्या कौलारू घरांची गोष्ट आणखी निराळी. लाकडी पट्टीवर खिळ्यांनी बसवलेली एकतारी, ‘एक-अठराची’ म्हणतात ती ॲल्युमिनियम वायर जिल्ह्यातल्या आमगाव-देवरीकडच्या घरांत आजही आढळते. अशा घरात नवा पंखा लावताना मिस्त्री नव्या तांब्याच्या वायरीचा जुन्या ॲल्युमिनियमला सरळ पीळ देतो. दोन्ही धातू चांगले, पण सोबत वाईट. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पापुद्रा येतो आणि तो वीज वाहू देत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्याहून सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त प्रसरण पावतं, थंड झाल्यावर आकसतं. रोजच्या या ओढाताणीत पीळ सैल होतो. वर पावसाळी ओल मिळाली की दोन धातूंमध्ये क्षरण सुरू होतं. अमेरिकेतही साठच्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं घरांत ॲल्युमिनियम वायरी घातल्या गेल्या आणि आगीचा धोका जोडांपाशीच निघाला. तांबं-ॲल्युमिनियमच्या जोडाला पीळ नकोच. ॲल्युमिनियमसाठी कारखान्याने मान्यता दिलेला जोडक आणि त्याची पेस्ट वापरायची, नाहीतर पट्टीवरची वायर पेटीपासून नवी ओढायची.

गुण मोजले, आता उणिवा. कडक नियमाने पाहिलं तर आमच्या डब्यातला पीळच आक्षेपार्ह आहे; सरकारी तपशिलांना पिळाचा जोड चालत नाही, त्यांना जोडक हवा. नियमाची बाजू मला मान्य आहे. पिळाची गुणवत्ता हातावर अवलंबून असते आणि हात दर घरी बदलतो. तरफेच्या जोडकात नवशिक्याचा हातही पुरेसा होतो. या पिळात एक वायर वाढवायची तर सगळा जोड उकलून, वाकलेलं तांबं कापून, पुन्हा पीळ द्यावा लागेल. दोन-तीनदा असं झालं की सैल ठेवलेली वीत संपेल. माझं मन पिळावर आहे, पण नव्या घरासाठी विचारलं तर मी जोडकच सांगेन.

मात्र जोडक आले म्हणून वायरमनची निम्मी विद्या आलेली नाही. आज गोंदियातही घरोघरी पीओपीचं खोटं छत होतंय. त्यावर आठ-दहा एलईडी, प्रत्येकाचा आपला ड्रायव्हर, प्रत्येकापाशी फेज-न्यूट्रलची येणी-जाणी. पंख्याच्या एका डब्यात मावणारे जोड आता छताच्या पोकळीत विखुरतात. डबा नाही, झाकण नाही, पुट्टी मारून छत बंद. त्यात उत्तम जर्मन जोडक वापरला तरी तो नळीतल्या पिळाइतकाच बेपत्ता. पंख्यामागच्या डब्यातला अनामिक वायरमन जुन्या हत्यारांनी काम करूनही या नव्या कामांपेक्षा श्रेष्ठ ठरतो, तो इथे. त्याने जोडाची जागा निवडली आणि त्या जागी पुढच्या माणसासाठी वीतभर वायर ठेवली. कुठलाही जोडक हा निर्णय घेऊन बाजारात येत नाही.

तो निर्णय विरळ का झाला, याचं उत्तर मजुरीत आहे. आपल्याकडे वायरिंगचा भाव पॉइंटवर ठरतो. दिव्याचा पॉइंट एवढ्याला, पंख्याचा एवढ्याला. जोडाचा भाव कुठल्याच बिलात नसतो. सलग वायर ओढण्यात वायर जास्त जाते, सैल वीत ठेवण्यात जाते, न तोडता स्विच जोडण्यात वेळ जातो. हे सगळं वायरमन स्वतःच्या खिशातून देतो आणि मालकाला ते दिसतही नाही. घर बांधत असाल तर पुट्टी लागण्याआधी एकदा झाकणं उघडी असताना वायरमनसोबत फिरा. प्रत्येक डब्याचा फोटो घ्या. कुठल्या खोलीत कुठे जोड आहेत, कुठला न्यूट्रल कुठल्या एमसीबीचा, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा. छतात जोड घ्यावाच लागला तर त्याच्याखाली उघडता येणारं झाकण मागून घ्या. आणि भाव ठरवताना पॉइंटांसोबत डब्यांचाही ठरवा. चांगला जोड मारणारे हात गोंदियात आजही आहेत. त्यांच्या कामाला बिलात ओळ नाही, एवढंच त्यांचं दुखणं आहे.